पुण्यात वसतिगृहात राहून रात्रीभोजन त्याग आणि कंदमूळ त्याग पाळणं जमतं का?

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीकडचा जैन मुलगा, पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. घरी सूर्यास्तानंतर जेवत नाही, कांदा-लसूण-बटाटा खात नाही. कॉलेज सांभाळून हे कितपत जमेल?

जमतं. मी शिरोळ तालुक्यातला, दिगंबर जैन, पुण्यात चार वर्षं मेकॅनिकल केलं. तू माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा असशील म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

सगळे आधी बटाट्याची काळजी करतात. माझी आईही तेच करत होती. पण बटाटा डोळ्यांना दिसतो, ताटात बाजूला सारता येतो. खरी मारामारी घड्याळाशी असते. पुण्यात जूनअखेर सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, तेव्हा तुला वाटेल, यात काय अवघड आहे! नोव्हेंबरच्या शेवटी तोच सूर्य सहाच्या आत जातो, आणि नेमकं तेव्हाच प्रॅक्टिकल, ओरल, सबमिशन सगळं अंगावर येतं. काटेकोर पाळणारे सूर्यास्ताच्या दोन घडी आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी थांबतात. तसं धरलं तर पाच वाजून दहा मिनिटांनी हात धुवायला हवा. मला ते फक्त रविवारी जमायचं. आमच्या वसतिगृहाची मेस संध्याकाळी साडेसातला उघडायची, त्यामुळे पहिले चार महिने मी संध्याकाळी केळी, बिस्किटं आणि दुधावर काढले. दिवाळीला घरी गेलो तर आज्जी म्हणाली, "शर्टात पोरगं हाय का नुसता हँगर?"

मधे एक मूर्खपणा केला तोही सांगतो. खोलीत चोरून इंडक्शन शेगडी ठेवली. तीन आठवड्यांत वॉर्डनची फेरी आली, शेगडी जप्त झाली, पाचशे रुपये दंड आणि घरी फोन. तू हे करू नकोस. पुण्यात जैन बोर्डिंगची सोय आहे, जागा मिळाली तर डोळे झाकून घे. आपल्या भागात ही अडचण नवी नाही. दक्षिण भारत जैन सभा १८९९ सालची आहे आणि कोल्हापूर-सांगलीकडची बोर्डिंगं शिकायला बाहेर पडणाऱ्या पोरांसाठीच उभी राहिली. मला पुण्यात जागा मिळाली नाही, म्हणून पुढचं सांगतो.

कॉलेजच्या मागच्या गल्लीत डबे करणाऱ्या एक काकू होत्या. पहिल्या दिवशी मी त्यांना काय-काय चालत नाही ते सगळं सांगितलं. त्यांनी पोळी लाटता लाटता विचारलं, "कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, गाजर नाही, मुळा नाही. मग भाजीत घालू काय, माझं डोकं?" बरोबरच होतं त्यांचं. दुसऱ्या दिवशी मी वहीच्या पानावर उलटी यादी लिहून नेली: दोडका, पडवळ, भेंडी, ढोबळी मिरची, घेवडा, मटकी, मूग, चवळी, पीठ पेरून काहीही. ते पान त्यांनी गॅसच्या वर टाइलला चिकटवलं. चौथ्या वर्षापर्यंत ते तेलाने पारदर्शक झालं होतं, पण होतं तिथेच. आमटीला त्या लसणाची फोडणी शेवटी वरून द्यायच्या. ती पडायच्या आधी माझं दोन पळ्या वरण वेगळं निघायचं, त्यावर हिंग-जिऱ्याची फोडणी. आणि मुख्य म्हणजे दुपारच्या डब्याबरोबरच संध्याकाळचा डबा: चार पोळ्या, सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी. महिन्याला दोनशे रुपये जास्त द्यायचो. तुला हेच करायचंय. सहा वाजता गरम कोण देईल ते शोधत बसू नकोस, दुपारीच गार डबा घेऊन ठेव. कोबी, फ्लॉवर, पावसाळ्यातल्या पालेभाज्या आमच्या घरी चालत नाहीत. तुझ्या घरी काय चालतं ते तूच बघून यादी कर.

डबा असला तरी खायला वेळ हवा. तो मागून घ्यावा लागतो आणि मागायला मला लाज वाटायची. दुसऱ्या वर्षी एका ओरलला माझा नंबर चाळिसावा होता, बाहेर ऊन पिवळं होत चाललेलं. शेवटी आत जाऊन सरांना म्हणालो, "सर, मी दिवस मावळल्यावर जेवत नाही, आधी घ्याल का?" त्यांनी वर न बघता विचारलं, "रोजा आहे का?" मी म्हणालो, "उलटं आहे सर." ते हसले आणि लगेच घेतलं. प्रश्न काही सोपे विचारले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

रोज्यावरून आठवलं. तिसऱ्या वर्षी रमजान एप्रिलमध्ये आला आणि सबमिशनही तेव्हाच. माझ्या बॅचमधला एक मित्र रोजे धरायचा. वर्कशॉपच्या मागच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं मोबाइलवर सूर्यास्ताची वेळ लावून बसायचो. त्या दिवसांत ती पावणेसातच्या पुढे असते. मी भराभरा शेवटची पोळी संपवतोय आणि तो शेजारी खजुराची डबी मांडीवर धरून वाट बघतोय. माझा डबा मिटला की पाचेक मिनिटांत त्याची डबी उघडायची. जाणारे-येणारे मात्र दोघांनाही एकच विचारायचे, "पाणी पण नाही का?"

तर पाण्याचंही ठरवून ठेव. नियम म्हणजे एकच एक मोठा दगड नव्हे, त्यात पायऱ्या आहेत. आपल्याकडे बरीच घरं रात्री फक्त अन्न वर्ज्य करतात, दूध-पाणी-फळ घेतात. काही जण पाणी आणि औषध एवढीच सूट ठेवतात, आणि काही जण चारही प्रकारचा आहार, म्हणजे पाण्यासकट सगळंच, सोडतात. तू घरी यातलं काय पाळतोस ते निघण्याआधीच आईवडिलांशी बोलून नक्की कर. महाराजांकडून नियम घेतला असशील तर सूट काय आहे तेही त्यांनाच विचारून ये. रात्री एक वाजता, भूक लागलेली आणि शेजारच्या खोलीतून मॅगीचा वास येत असताना ठरवायला बसलास तर काय ठरेल ते मी अनुभवलंय. दळलेलं पीठ किती दिवस चालतं ती मर्यादा (पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात) मी पुण्यात पाळू शकलो नाही. काकूंच्या गिरणीचं दळण कधीचं, हे मी विचारलंच नाही. गाळलेलं पाणी पाळलं: नळाला फडकं बांधलं की झालं.

दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमी ते चतुर्दशी. म्हणजे ऋषिपंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत, ऐन गणपतीत, आणि आमच्याकडे बहुतेक वेळा युनिट टेस्टही त्यातच. दहा दिवस एकाशन करत असशील तर एक वेळचं जेवण दुपारी बाराच्या आसपास ठेव, सकाळी दहाला उरकलंस तर चारच्या लेक्चरला डोळ्यांपुढे अंधारी येते. रूममेटला आधी नीट सांग. माझ्याने पहिल्या वर्षी "उपवास आहे" एवढंच ऐकलं आणि प्रेमाने साबुदाण्याची खिचडी घेऊन आला, वर बटाट्याच्या फोडी. आमच्या उपवासात काहीच खात नाहीत म्हटल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मग त्याला उपवास का म्हणता, उपासमार म्हणा की!"

आणि शेंगदाणे कसे चालतात, हे तुला चार वर्षांत शंभर वेळा विचारतील. उत्तर पाठ करून ठेव: शेंगेचं फूल जमिनीच्या वर येतं, फळ धरल्यावर देठ वाकून मातीत शिरतो आणि शेंग तिथे पोसते. ते बी आहे, कंद नाही. सुंठ आणि हळद वाळवलेल्या असतात म्हणून चालतात.

बाहेरच्या खाण्याचं फार सांगण्यासारखं नाही. 'जैन' पावभाजी कच्च्या केळ्याची असते, पण तवा बहुधा तोच असतो, त्यामुळे विचार. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर भिस्त ठेवू नकोस. आपल्याकडच्या नियमात मध शाकाहारीच धरतात, त्यामुळे मध असलेल्या वस्तूवरही हिरवा ठिपका असतो. कांदा-लसणाची पूड तर जवळजवळ प्रत्येक मसालेदार वेफरमध्ये. जयसिंगपूरची भडंग मी जिवापाड आवडीने खाल्ली असती, पण तिला लसूण हवाच. आई बिनलसणाची करून द्यायची, ती मित्र पहिल्या दोन दिवसांत संपवायचे. वर्षातून एकदा बी-१२ तपासून घे. डॉक्टरांनी कॅप्सूल दिली तर गोळी मागून घे, कॅप्सूलचं कवच बहुतेकदा जिलेटिनचं असतं.

मी मोडला का नियम? मोडला. दुसऱ्या वर्षी एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या, आदल्या रात्री दीड वाजता दोन वाट्या मॅगी खाल्ली, मसाल्यासकट. सकाळी पेपरला जायच्या आधी आज्जीला फोन करून सांगितलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "एक माळ णमोकार म्हण, आणि आज दिवसाउजेडी जेव. पेपर कधी हाय?"

गणपतीत मोदक रात्रीच्या आरतीनंतरच वाटतात, तेव्हा माझी पंचाईत व्हायची. तिसऱ्या वर्षापासून विंगमधली पोरं माझ्या वाटणीचा मोदक स्टीलच्या डबीत घालून माझ्या टेबलावर ठेवायला लागली. झाकणावर कागद: 'सूर्योदय ६:२३. त्याआधी उघडल्यास आज्जीला फोन करू.'