वाड्याच्या ओलसर भिंतींना सिमेंटचा गिलावा करावा का?

नागपूरच्या महाल भागातील आपल्या वडिलोपार्जित वाड्याच्या भिंतींना खालून ओल येते, मिस्त्री सिमेंटचा गिलावा सुचवतो, तो करावा का आणि परवानगी लागेल का, असे आपण विचारले आहे. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करणारा वास्तुविशारद म्हणून माझे उत्तर आहे की, सिमेंट लावू नये.

विटा-चुन्याची भिंत जमिनीतील ओल थोडीफार शोषतेच. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने ती बाहेर उडून जाते. सिमेंटच्या घट्ट थराने ही वाट बंद झाली की ओल भिंतीत आणखी वर चढते, तिच्यासोबतचे क्षार विटेच्या आत साठून तिला भुसभुशीत करतात, आणि काही पावसाळ्यांनंतर गिलावा विटेचा पापुद्रा घेऊनच सुटतो. मला त्याहून जास्त काळजी भिंतीत टेकलेल्या सागवानी तुळयांच्या टोकांची वाटते, कारण ती सतत ओलसर राहिली की आतून कुजतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

मात्र आधी पाणी कुठून येते ते शोधावे. फुटकी कवेलू आणि तुंबलेली पन्हाळ लगेच सापडते. रस्त्याकडे सहसा लक्ष जात नाही. नागपुरात सिमेंटचे रस्ते झाल्यापासून अनेक ठिकाणी रस्ता जुन्या घरांच्या जोत्याहून उंच झाला आहे. तसे असल्यास भिंतीलगत निचऱ्याची नाली केल्याविना चुनाही टिकणार नाही.

त्यानंतर जुना सिमेंटचा थर असल्यास तो हलक्या हाताने काढून भिंत काही महिने सुकू द्यावी. गिलाव्यासाठी काही आठवडे पाण्याखाली मुरलेला चुना, सुरखी (विटांची भुकटी) आणि वाळू वापरावी. प्रमाण मूळ गिलाव्याचा तुकडा तपासून ठरवावे. चुना सावकाश घट्ट होतो व तोवर त्याला ओलावा लागतो, म्हणून ४५ अंशांच्या मे महिन्यात हे काम काढू नये, दिवाळीनंतर काढावे. (चुन्याचे काम जाणणारे कारागीर आता थोडेच उरले असल्याने मिस्त्रीला फारसा दोष देता येत नाही.)

परवानगीसाठी वाडा महापालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत, हे नगररचना विभागात विचारावे. कस्तुरचंद पार्कसारख्या पहिल्या श्रेणीतील वास्तूत बदल जवळजवळ वर्ज्य असतात. दुसऱ्या श्रेणीत आतील बदलांना काही मुभा असते, तिसरीत त्याहून अधिक. यादीत नाव असल्यास हेरिटेज संवर्धन समितीपुढे अर्ज ठेवताना सध्याच्या स्थितीची छायाचित्रे आणि वापरायच्या साहित्याचा तपशील जोडावा.