खोल ते जुने, असे नेहमीच असते का?

प्रश्न : पंचगंगेच्या घाटापासून जवळच आमचे वडिलोपार्जित घर आहे. नव्या बांधकामाचा पाया खणताना सुमारे चार फुटांवर मोठ्या, जाड विटांची फरसबंदी लागली. शेजारच्या निवृत्त शिक्षकांच्या मते त्या विटा सातवाहन काळातल्या असाव्यात. पण फरशीच्या एका कडेला, विटांच्याही खाली हातभर अंतरावर, निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या बशीचा तुकडा निघाला. खालची वस्तू जुनी, असे आम्ही शिकलो होतो. मग बशी विटांहून जुनी कशी? उत्खनन करणारे अशा वेळी काय करतात? — एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपण शिकलात ते बरोबर आहे, मात्र तो नियम थरांना लागू आहे, खोलीला नाही. २०१९ च्या महापुरानंतर नदीकाठच्या घरांत गाळ साचला होता, तो आपल्याला आठवत असेल. समजा, परसातल्या त्या गाळावर पुढे भरावाची माती पडली आणि यंदा कुणी जास्वंद लावण्यासाठी दोन्ही थर फोडून दोन फूट खड्डा केला, त्यात प्लास्टिकची पिशवी पडली आणि खड्डा बुजला. ही पिशवी गाळाच्या खाली सापडेल, पण ती गाळाहून नवी आहे. फुटपट्टीला हा फरक कळत नाही. खड्डा कोणत्या थरापासून खाली उतरला आहे, हे पाहिले तरच तो कळतो.

म्हणून बशीच्या तुकड्यावरची फरशी अखंड होती का, हा आपल्या बाबतीतला पहिला प्रश्न आहे. तेथे विटा उखडलेल्या असतील आणि आसपासच्या मातीपेक्षा भुसभुशीत, वेगळ्या रंगाची माती वरून खाली उतरत गेलेली दिसत असेल, तर कुणीतरी मागाहून खड्डा केला आणि बशी त्यातून खाली गेली, एवढाच त्याचा अर्थ होतो. विटा जागच्या जागी आणि सांधे घट्ट असतील, तर घुशीचे आडवे बीळ नाही ना, हे तपासावे. तेही नसेल, तर फरशी बशीनंतरच घातली गेली, असे मानावे लागेल.

तरीही विटा जुन्या असू शकतात. जुन्या पांढरीच्या, म्हणजे आधीच्या वस्तीच्या ढिगावर वसलेल्या गावांत पडक्या भिंतींच्या विटा काढून नव्या बांधकामात लावण्याची रीत पूर्वीपासून आहे. वीट कधी भाजली आणि फरशी कधी घातली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. न हललेला थर त्यातल्या सर्वांत नव्या वस्तूपेक्षा जुना असू शकत नाही, हे उत्खननातले पक्के सूत्र आहे. आजोबांच्या पेटीतले जुने नाणे आजच्या कचऱ्यात पडू शकते. आजचे नाणे मात्र आजोबांच्या काळातल्या कचऱ्यात जाणार नाही.

उत्खननाची सारी शिस्त या सूत्राभोवती उभी आहे. जागेवर चौरस आखून खोदतात आणि दोन चौरसांमध्ये मातीची भिंत राखतात, म्हणजे खोदून काढलेल्या थरांचा उभा छेद त्या भिंतीत शिल्लक राहतो. मातीचा रंग, पोत आणि घट्टपणा बदलला की हात थांबतो, नवा थर नोंदला जातो आणि त्यातली खापरे वेगळ्या पिशवीत पडतात. खड्डा ओळखू आला की आधी त्यातली माती स्वतंत्रपणे उपसतात, मगच भोवतालच्या थराला हात लावतात. ही एक गोष्ट चुकली, तर दोन काळांची खापरे एका पिशवीत जातात आणि ती पुन्हा कुणालाही वेगळी करता येत नाहीत. पूर्वी मोहेंजोदडोसारख्या ठिकाणी ठरावीक पातळीपासूनच्या खोलीवर भर देऊन वस्तू नोंदल्या गेल्या. १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झालेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी त्यावर कडक टीका केली आणि त्याच वर्षी तक्षशिला येथे थरांनुसार खोदण्याचे प्रशिक्षण सुरू केले.

आपल्या पेठेजवळच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. तेथे सातवाहन आणि बहमनी अशा दोन्ही काळांतील वस्तीचे अवशेष मिळाले. ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची लहानशी मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. ती अवश्य पाहावी. मूर्ती रोमन घडणीची आहे, हे तिच्याकडे पाहून जाणकार सांगू शकतात. पण ती कोल्हापुरात कोणत्या काळी जमिनीत गेली, हे मूर्ती सांगत नाही; ते भोवतालच्या मातीतूनच कळू शकते. म्हणूनच घरमालकाने हौसेने धुऊन कपाटात ठेवलेली विटांची रास पाहिली की मला फार हळहळ वाटते.

तेव्हा आपण काम थांबवावे, विटा उपटू नयेत आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला व पुरातत्त्व विभागाला लेखी कळवावे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सूचना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. दरम्यान खड्ड्याची भिंत न खरवडता तिच्यावर पाण्याचा हलका फवारा मारावा. थरांचे रंग उठून दिसतात. मग शेजारी मोजपट्टी ठेवून सावलीत छायाचित्र घ्यावे. बशीचा तुकडा न धुता पिशवीत ठेवावा आणि तो कोठे मिळाला ते पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहावे, कारण ओल्या मातीत शाई पसरते. फरशीतल्या विटा जागेवरच मोजाव्यात आणि एखाद्या विटेची मोडकी कड उघडी दिसत असेल तर ती निरखून पाहावी. मोडलेल्या कडेवर चुना किंवा गिलावा चिकटलेला असेल, तर ती वीट मोडल्यानंतर बांधकामात बसवली गेली आहे. आपल्या कोड्याचे उत्तर बहुधा तेथेच मिळेल.