एवढी गाजलेली कादंबरी, मग मला का नाही आवडली?

प्रश्न: ताई, मैत्रिणींनी डोक्यावर घेतलेली 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' शेवटी हातात घेतली पण शंभर पानांतच कंटाळले, माझंच काही चुकतंय का?

उत्तर: अगं अजिबात नाही! ई. एल. जेम्स यांनी हे मुळात 'ट्वायलाइट' या व्हॅम्पायर-प्रेमकथेचं फॅन फिक्शन, म्हणजे चाहत्याने तीच पात्रं घेऊन रचलेली गोष्ट, म्हणून हप्त्याहप्त्याने ऑनलाइन लिहिलेलं, मग पात्रांची नावं बदलून २०११ मध्ये पुस्तक आलं, म्हणून मला वाटतं तेच ओठ चावणं, तेच ईमेल परत परत येत राहतात. तीन भागांच्या १० कोटींवर प्रती खपल्या हे खरं. पण मला सगळ्यात खटकतं ते नायकाचं नायिकेवर पाळत ठेवणं, ती काय खाणार हेही तोच ठरवणार, ह्याला प्रेम कसं म्हणायचं गं? बेडरूमचे सीन ढीगभर, पण दोघांना एकमेकांची ओढ का वाटते तेच कळत नाही. खुशाल अर्धवट सोड.