सोळा पानांचं आधी बघू

बेटा,

तुझ्या कॉमिकचं पाकीट मंगळवारी मिळालं. कुरिअरवाला ते अंगणातल्या टाकीवर ठेवून गेला होता, पण तू आतून प्लॅस्टिक गुंडाळलं होतंस म्हणून वाचलं. एवढी अक्कल मला चाळिशीत आली. आणि पत्रातलं ते 'आदरणीय सर' नको. शाळांच्या भिंती रंगवतो म्हणून अर्धं अमळनेर मास्तर म्हणतं, तेवढं पुरे. काका म्हण.

सात भाग, तीनशे चाळीस पानं, अकरा शक्तींचे अकरा वीर आणि वहीभर त्यांची वंशावळ. सगळं वाचलं. वंशावळ दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा कोण कुणाचा पुतण्या तेच कळेना. गोष्ट कशी आहे ते मात्र विचारू नकोस, ती अजून झालेलीच नाही. चित्रं काढून झाली आहेत ती बावीस पानं. त्यातल्या अकराव्या पानावर, उजव्या कोपऱ्यात खाली, एक म्हातारी खाटेवर वाळत घातलेल्या पापडांवरून बकरी हाकलते आहे. वरून तुझा वीर सूं करून उडत चाललाय आणि ती वर मान करूनही बघत नाही. ती चौकट मी भिंगाखाली धरली. बकरीच्या तोंडात अर्धा पापड आहे! बाकीच्या एकवीस पानांत तू मेहनत केलीस, या एका चौकटीत तुला मजा आली. ते लपत नाही.

याचा अर्थ वीर सोड, असं मी म्हणत नाही. उडणाऱ्या माणसांवर मीही वाढलोय. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. माझं अख्खं लहानपण त्या काळात गेलं. एसटी स्टँडजवळच्या टपरीवर पंचवीस पैशांत एक अंक वाचायला मिळायचा, तोही समोरच्या बाकड्यावर बसूनच, घरी न्यायचा नाही. वेताळाचं, म्हणजे फँटमचं, जंगल मी त्या बाकड्यावर, डिझेलच्या वासात पाहिलं. अजूनही रद्दीवाल्याच्या तराजूजवळून जाताना मान आपोआप वळते. मागच्या महिन्यात दहावीच्या गाइडांच्या गठ्ठ्यात एक विनाकव्हरचा अंक सापडला, शेवटचं पान गायब. दहा रुपये दिले. बायको म्हणाली, शेवट नाही तर वाचणार काय? तिला काय सांगणार, तो शेवट मला पाठ आहे.

तर, वीर उडू दे. पण तुझा वीर नवव्या पानावर रावेरकडच्या केळीच्या बागेवरून जातो आणि एक पान हलत नाही. केळीचं पान वाऱ्यात कसं फाटतं बघितलंयस? मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत, शिरांच्या रेषेत, पट्ट्यापट्ट्या होतात, फणीच्या दातांसारख्या. आडवं कधी फाटत नाही. वीर खालून गेला तर त्याच्या मागे एक अख्खी ओळ अशी चिरत जायला हवी. मग तो उडाला हे सांगायला वेगाच्या रेघा ओढाव्या लागत नाहीत. सावद्याला मावशी आहे म्हणतेस ना? मग जा की बागेत, एक वही भर.

मात्र उलट्या खड्ड्यात पडू नकोस. मी पडलोय. माझ्या कॉमिकच्या दुसऱ्या अंकात मी खान्देशाचं प्रदर्शनच मांडलं होतं: शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी, मांडे, कानबाईचे रोट, सगळं एकाच घरात एकाच दिवशी. पुण्याच्या एका वाचकाने कौतुकाचं पत्र धाडलं. इथला पानवाला म्हणाला, "मास्तर, इतकं सगळं एका दिवसात खाल्लं तर माणूस मरी जाई." बरोबर होतं त्याचं. तुझ्या म्हातारीच्या पापडांचा गोष्टीत बकरीला उपयोग आहे, म्हणून ते चालतात.

आता मुख्य काम सांगतो. तीनशे चाळीस पानांची वही पत्र्याच्या पेटीत ठेव. म्हातारी, बकरी आणि वरून जाणारा तो दीडशहाणा, एवढ्यावर सोळा पानं कर. सोळाच का? मध्ये पिन मारायच्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात, आणि सोळाचा एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापून दुमडायचा ताव, छापखान्यात सरळ बसतो. मी पहिला अंक अठरा पानांचा घेऊन गेलो होतो. मशीनवाल्याने शांतपणे विचारलं, "उरलेल्या दोन पानांवर काय, पाढे छापू?"

त्याच अंकात दुसरा घोळ झाला. संवादाच्या फुग्यांतली अक्षरं मी चार रंग मिसळून झालेल्या काळ्यात ठेवली होती. पडद्यावर काळंभोर, झकास. छापताना एकेका रंगाच्या प्लेटी केसभर सरकल्या आणि प्रत्येक अक्षराला एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळी सावली पडली. तीनशे प्रती. वाचणाऱ्याला वाटावं आपला चष्मा गेला. छापखान्याची चूक नव्हती, प्लेट थोडी सरकतेच. अक्षर फक्त काळ्या प्लेटवर ठेवायचं असतं, बाकी तीन रंगांत तिथे शून्य, हे मला माहीत नव्हतं. तू आजच माहीत करून घे. चित्र तीनशे डीपीआयला (इंचाला तीनशे ठिपके), कडेने तीन मिलिमीटर कटिंगला जादा. आणि शंभर प्रती हव्या असतील तर डिजिटलवर काढ, ऑफसेटच्या नादी लागू नकोस. खाटेखाली उरलेल्या गठ्ठ्यांना वाळवी लागते ती वेगळीच.

अक्षरांवर जरा थांबतो, कारण तुझी सगळ्यात कच्ची बाजू ती आहे. तू चित्र पुरं करतेस आणि मग उरलेल्या जागेत फुगा कोंबतेस. इंग्रजी कॉमिक बघून ही सवय लागते. आपल्या अक्षराला वर वेलांट्या, मात्रा, रफार, खाली उकार. दोन ओळींत तेवढी हवा सोडावी लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या अनुस्वारावर बसतो. म्हणून आधी पेन्सिलीने अक्षर, मग त्याभोवती फुगा, मग उरलेल्या जागेत माणसं. संगणकावर करणार असशील आणि फोटोशॉप जुनं असेल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू कर. ते नसलं तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. चौदाव्या पानावर तुझा महाखलनायक गर्जना करतोय आणि त्याचा रफार शेजारच्या अक्षरावर. घाबरायचं कसं? मुक्ता किंवा बलू हे फॉन्ट घे, 'एक टाइप' नावाच्या संस्थेचे आहेत, फुकट आणि छापायला मोकळे. त्याहून बरं, हाताने लिही. तुझा हात चांगला आहे, पाकिटावरचा पत्ता बघून सांगतोय.

आणि 'ढिशुम' खोड. आपल्या भाषेत आवाजांची काय कमी आहे? गरम रश्शात शेव टाकली की क्षणभर चुर्र होतं आणि मग गप्प. बट्टी फोडली की कडक कवचाचा टच् आणि आतला मऊ भसका. विहिरीवरचं जुनं इंजिन आधी तीनदा खोकतं, मग भकभक धरतं. चौथ्या पानावर तुझी म्हातारी गव्हातले खडे पत्र्यावर टाकते, तिथे तू 'टन' लिहिलंयस. खडा टन वाजत नाही. स्वतः टाकून ऐक.

भाषेचं म्हणशील तर म्हातारीला अहिराणी बोलू दे. तू कंसात मराठी अर्थ दिलायस, तो काढ. ती अहिराणीत ओरडून बकरीवर काठी उगारत असेल तर धुळ्यापासून मुंबईपर्यंत सगळ्यांना कळतं. चित्र कशासाठी असतं मग?

हे मला आठवडे बाजारात कळलं. पुस्तकाच्या दुकानांनी अंक ठेवून घेतला नाही म्हणून वैतागून मी बाजारात भरताच्या वांग्यांच्या ढिगाशेजारी पोतं अंथरून बसलो. माझ्या गोष्टीतला नायक एसटीचा कंडक्टर आहे, जुन्या तिकिटांच्या पेटीचा आणि पंचचा काळ. वांगीवाल्या मावशीला वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक नसताना तिने अंक उचलला आणि चित्रांवरून बोट फिरवत गेली. कंडक्टरवर हसली, बरोबर जिथे हसायचं तिथेच. मग पाचव्या पानावर बोट थांबलं. तिथे एक बाई धान्य पाखडत होती. "सूप असं नही धरतस, भाऊ." मी म्हटलं, मग कसं? तिने वांग्यांखालचा पेपर दुमडला, अंगठे वरून, बोटं खालून, कोपरं अंगाला, आणि मनगटाने झटका दिला. तीनदा करून दाखवलं. मी सूप दोन्ही बाजूंनी परातीसारखं पकडलेलं काढलं होतं. आयुष्यभर आईला पाखडताना बघितलेला माणूस मी! त्या दिवशी सात अंक विकले आणि दोन किलो वांगी फुकट मिळाली. अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वं साहित्य संमेलन झालं तेव्हा मांडवात तीन दिवसांत बरेच जास्त अंक गेले, पण पाचवं पान कुणी दुरुस्त केलं नाही.

चौकटी फार सारख्या पाडतेस, त्यावर मी लिहिण्यापेक्षा तू अजिंठ्याला जाऊन ये. जळगावहून साठेक किलोमीटर. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या गोष्टीची, भिंत आहे. तोच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा भेटतो, पण मध्ये चौकट नाही. कुठे खांब, कुठे झाड, कुठे वाड्याचं दार प्रसंग वेगळे करतं. तुझ्या गोष्टीत खाट, कूड आणि विजेचा खांब हेच काम करू शकतील.

परत येताना भुसावळला उतरलीस तर रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकाराची कबर आहे. १८४४ मध्ये त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं, वर्षानुवर्षं तो तिथेच राबला. त्या मोठाल्या नकला लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. म्हातारपणी तो पुन्हा नकला करत होता, १८७९ मध्ये गेला. माझी एकदा हार्ड डिस्क बसली आणि एकतीस पानं गेली, तेव्हा मी त्याच्या कबरीपाशी जाऊन आलो. हसू नकोस. तेव्हापासून स्कॅन केलेलं पान तीन ठिकाणी ठेवतो, त्यातला एक पेन ड्राइव्ह बहिणीकडे धुळ्याला.

नोकरी सोडू का, हा तुझा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. नको सोडूस. माझा दिवस सांगतो. पहाटे पाच ते आठ कॉमिक. दहापासून शाळेच्या भिंती, लग्नपत्रिका आणि कुणा ना कुणा भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. लग्नसराईत कॉमिक होत नाही, आणि त्याबद्दल मी स्वतःला शिव्या देणं बंद केलंय. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, शाई निबमध्येच सुकते आणि घामाचा हात टेकला की रेघ फुटते. हाताखाली कागदाचा तुकडा ठेव आणि शाईचं काम उजाडायच्या आत संपव. वर्षाला दोन अंक निघतात. मोठा टॅब आत्ता घेऊ नकोस. खिडकीच्या काचेखाली एलईडी बल्ब ठेवून माझा लाइटबॉक्स झाला, तोच अजून चालतोय.

एक गोष्ट मात्र कागदावर पक्की ठेव. माझा कंडक्टर एकाने कॅलेंडरसाठी मागितला, मी तोंडी हो म्हटलं, आणि मग तो वह्यांवर, बॅगांवर, कुठे कुठे दिसला. भांडायला गेलो तर हातात काहीच नव्हतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने चित्र काढल्या क्षणी हक्क तुझा असतो, आणि तो द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. लेखी करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश नसेल तर फक्त भारत. हे मला तेव्हा माहीत असतं तर तोंडी 'हो'ला मी इतका घाबरलो नसतो. कुणी करार पुढे केला तर सही करण्याआधी मला पाठव. रात्री अकरालाही चालेल.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत सोळा पानं पेन्सिलीत घेऊन ये. शाई लावू नकोस. दोंडाईच्याहून भुसावळकडची कुठलीही पॅसेंजर अमळनेरला थांबते, खिडकीची जागा मिळाली तर समोरच्या माणसाचे पाय काढत ये, झोपलेल्या माणसाचे पाय काढायला फार छान असतात. वंशावळीची वही आणू नकोस. बकरीचं तोंड मात्र बाजूने काढून आण. सध्याच्या चौकटीत ती कुत्र्यासारखी चावतेय, आणि बकरीचा खालचा जबडा आडवा फिरतो.

तुझा,
काका