आजारपणावरच्या एकाच पुस्तकाबद्दल वाचकांची मतं इतकी टोकाची का असतात?

तुम्ही लिहिलंय, आईच्या विस्मरणाच्या आजारावर मुलीनं लिहिलेलं पुस्तक वाचून तुम्ही रडलात आणि मैत्रिणीनं 'झाकली मूठ उघडलीच कशाला' म्हणत ते अर्ध्यावर टाकलं. मग पुस्तक कळलं नाही ते कुणाला, असा तुमचा प्रश्न. मला तर दोघींनाही कळलंय असं वाटतं.

तसलंच एक पुस्तक गेल्या पावसाळ्यात बेळगावात आमच्याकडे फिरलं. शहापूर-टिळकवाडीकडचे आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. प्रत वाचनालयाची, एकच. त्यात एक प्रसंग आहे. रात्री आई पाचव्यांदा दाराशी जाते, तेव्हा लेखिका तिला खोलीत ढकलते, बाहेरून कडी लावते आणि जिन्यात बसून वीस मिनिटं मोबाइलवर साड्या बघते. त्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं 'निर्लज्ज' लिहून ठेवलं होतं. त्याच्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात: 'वीसच मिनिटं?'

आमच्यातल्या निवृत्त शिक्षिका बाईंनी चाळीस पानांनंतर पुस्तक मिटलं. म्हणाल्या, "आईच्या परकराच्या नाडीपर्यंत जायचं काय कारण? ती माउली नको म्हणायच्याही अवस्थेत नव्हती." याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. माधवी देसाईंनी लेखक रणजित देसाईंबरोबरच्या संसारावर लिहिलेल्या 'नाच गं घुमा'ची आठवण त्यांनीच काढली. रणजित देसाईंचं गाव कोवाड इथून जवळच, ते म्हणजे आमच्याकडे घरचेच. त्या संसाराबद्दल बाईनं लिहिलं म्हटल्यावर आपणही न वाचताच रणजित देसाईंची बाजू घेतली होती, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. तरी हे पुस्तक काही परत उघडलं नाही.

नर्स म्हणून उभी नोकरी काढलेल्या ताईंना रडू आलं नाही, राग आला. पुस्तकातली आई दोन दिवसांत एकाएकी बिघडते, तिला भिंतीवर माणसं दिसायला लागतात, आणि लेखिका सहा पानं नशिबाला बोल लावते. "अगं, आधी लघवी तपास की! म्हाताऱ्या माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं की असंच बरळतंय. औषध दिलं की पुष्कळदा उतरतंय." आम्ही ज्या पानांना पुस्तकातली सर्वांत सुंदर पानं म्हणत होतो, ती ताईंच्या लेखी निव्वळ हलगर्जी.

आणि आमच्यातले एक काका, ज्यांची आई गावी थोरल्या भावाकडे असतानाच वारली, त्यांना फक्त लेखिकेचा परदेशातला भाऊ दिसला. दर रविवारी फोन करणारा, पैसे पाठवणारा, पुस्तकभर टोमणे खाणारा. "त्याला एक पान तरी द्यायचं होतं," एवढंच बोलले आणि चहा न घेता गेले.

आता माझं. माझ्या सासूबाईंचं माहेर गोकाककडचं, कन्नड. लग्न होऊन इथं आल्यावर मराठी शिकल्या आणि पन्नास वर्षं मराठीतच भांडल्या. या आजारात ताजं आधी पुसलं जातं, लहानपणचं मागे उरतं. पुष्कळांच्या बाबतीत भाषेचंही तसंच होतं. त्यांची मराठी गेली. माझं माहेर चंदगडकडचं, कन्नड येतं ते बाजारापुरतं. 'एष्टु' म्हणजे केवढ्याला, 'ब्याड' म्हणजे नको. भाजीवालीला म्हणायचा तो 'ब्याड' मी शेवटची दोन वर्षं भाताच्या प्रत्येक घासाला ऐकला. दिवेलागणीला त्या पदर सावरून दाराशी उभ्या राहायच्या, "मनिगे होगोण." घरी जाऊया. घर म्हणजे हे नव्हेच, हे कळायला मला सहा महिने लागले.

त्यामुळे ते कडीचं पान मी तीनदा वाचलं. शेवटचं प्रकरण मात्र मला खोटं वाटलं. आई गेल्यावर महिन्याभरात लेखिका भावाला, नवऱ्याला, स्वतःला, सगळ्यांना माफ करून मोकळी होते. एवढ्या लवकर? आमच्या घरी वर्षश्राद्धापर्यंत आम्ही एकमेकांशी नीट बोलत नव्हतो. ज्यांना अशा वेळी धीर हवा असतो त्यांना हेच प्रकरण सर्वांत आवडलं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

तुमच्या मैत्रिणीला 'अर्ध्यावर का सोडलंस' असं विचारू नका. कोणत्या पानावर सोडलं तेवढं विचारा.

आमच्या यांनी कधी कथा-कादंबरी हातात धरली नाही, पण हे पुस्तक दोन रात्रींत संपवलं. परत करायच्या दिवशी सकाळी विचारलं, "तूही कडी लावायचीस काय?"

"होय," म्हटलं.

"आवाज यायचा," म्हणाले आणि पुस्तक वाचनालयाच्या पिशवीत घातलं.