‘विश्वासात घेऊन’ कोण काय घेतो?

देवगडच्या एका वाचकाने विचारले आहे की, पोलीस तपासातील मुलाखतीच्या संदर्भात वापरल्या जाणाऱ्या ‘रॅपो’ला (rapport, म्हणजे विचारणारा व सांगणारा यांच्यात जुळलेले विश्वासाचे नाते) मराठीत काय म्हणावे आणि वृत्तपत्रांतील ‘विश्वासात घेऊन’ हा प्रयोग त्या अर्थी चालेल काय.

चालणार नाही. ‘संशयितास विश्वासात घेऊन चौकशी केली असता त्याने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य कोकणातल्या गुन्हेवृत्तांत इतके रुळले आहे की, त्यातला उलटा अर्थ कोणाला खटकतही नाही. अध्यक्षांनी सभासदांना विश्वासात घेतले, म्हणजे आपल्या मनातले त्यांना सांगितले. घेणारा तोच सांगणारा, ही या वाक्प्रचाराची दिशा आहे. बातमीतला अधिकारी स्वतः काहीच सांगत नाही, समोरच्याकडून मात्र सगळे काढून घेतो, आणि पुष्कळदा या सभ्य शब्दांआड पोलिसी खाक्याच दडलेला असावा, अशी शंका येते. शिवाय पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार आणि आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम २३ नुसार आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही.

‘रॅपो’ फ्रेंचमधून आला, त्याच्या मुळाशी ‘परत आणून देणे’ आहे, आणि बँकांच्या ‘रेपो’शी त्याचा गोंधळ करू नये, एवढे पुरे. खरे रत्न ‘विश्वास’ या शब्दात आहे. त्याचा धातू ‘श्वस्’, म्हणजे श्वास घेणे; ‘वि’ लागून ‘विश्वस्’ झाला की अर्थ होतो मोकळा श्वास घेणे, निर्भय होणे. धास्तावलेला मनुष्य श्वास रोखून धरतो, आणि ज्याच्यापुढे तो श्वास सुटतो त्याच्यावर त्याचा विश्वास असतो. ‘आश्वासन’ हे याच धातूचे अपत्य. मात्र अधिकाऱ्याने सुटकेचे आश्वासन देऊन मिळवलेली कबुली त्याच साक्ष अधिनियमाच्या कलम २२ खाली बाद ठरू शकते, म्हणजे एकाच कुळातला एक शब्द तपासाला तारतो आणि दुसरा बुडवतो.

माझे मत असे की, आधुनिक पद्धती या व्युत्पत्तीपाशीच येऊन पोहोचल्या आहेत. इंग्लंड व वेल्समध्ये १९९२ पासून रूढ झालेल्या पाच टप्प्यांच्या मुलाखत-पद्धतीत समोरच्याशी संवाद जुळवणे आणि त्याला सर्व समजावून सांगणे हा एकच टप्पा मानला आहे, आणि चौकशीतील मुलाखतींविषयीच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय ‘मेंडेझ तत्त्वांनीही’ दबावाऐवजी अशाच नात्याचा आग्रह धरला आहे. आपण कोण, कशासाठी विचारतो, समोरच्याचे हक्क कोणते, आरोपी असल्यास स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याचे, संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चे संरक्षण कोणते, हे अधिकाऱ्याने आधी सांगावयाचे असते. पुन्हा घेणारा तोच सांगणारा!

हर्णैच्या किंवा मिरकरवाड्याच्या मच्छीमाराला ‘नेमके किती वाजता होडी पाहिलीत?’ असे दरडावून विचारल्यास अंदाजाने फेकलेला आकडा मिळेल. ‘त्या दिवशी काय पाहिले ते तुमच्या पद्धतीने सांगा’ म्हणून मध्ये न तोडता ऐकल्यास तो सुकती (ओहोटी) लागली होती की भरती, उधाण होते की अष्टमीची भांग (सर्वांत कमी चढउताराची भरती-ओहोटी), हे सांगेल, आणि तिथी व भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून अंदाजे वेळ काढता येईल. रायगडातील शेखाडीच्या किनाऱ्यावर १९९३ मध्ये मुंबईतील बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके उतरली, तेव्हापासून या किनाऱ्यावरच्या माणसाचे सांगणे किती मोलाचे, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

राहिला प्रतिशब्द. काही पंडित ‘विश्वाससंपादन’ सुचवतात. ‘विश्वास संपादन करून लाखोंचा गंडा’ हा मथळा त्यांनी कधी वाचलेला दिसत नाही. ‘सलगी’ तर अधिकाऱ्याने करूच नये. मी ‘मोकळीक’ म्हणेन. कोठडीतल्या माणसाच्या बाबतीत हा शब्द विसंगत ठरतो, असा आक्षेप येईल. परंतु ही मोकळीक सांगण्याची आहे, सुटण्याची नव्हे, आणि ‘मोकळीक देणे’ या प्रयोगात देणारा अधिकारीच असतो.