अमेरिकेतल्या कम्युनिटी अँड टेक्निकल कॉलेजसारखं नाशिकमध्ये काही आहे का?

तुमची भाची वॉशिंग्टन राज्यात अशा कॉलेजात जाते, तिथे एकाच आवारात वेल्डिंगही शिकवतात आणि नर्सिंगही, असं तुम्ही लिहिलंय. मुलाला दहावीला 61 टक्के आहेत, दिवसभर गॅरेजात उभा असतो, तर नाशिकमध्ये असं कॉलेज कुठलं? कोर्स जवळपास सगळे आहेत, पण ते एका कॉलेजात नाहीत.

त्या राज्यात अशी 34 सरकारी कॉलेजं आहेत. तिथे काही महिन्यांचं सर्टिफिकेट मिळतं, दोन वर्षांची असोसिएट डिग्री मिळते, आणि ठरावीक विषय घेतले असतील तर तिच्यावर विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठीही तिथेच वर्ग असतात. आपल्याकडे याच कामासाठी तीन-चार खिडक्या आहेत आणि एका खिडकीवरचा माणूस दुसरीबद्दल चकार शब्द काढत नाही. मला हे सगळं उमगायला दहा वर्षं गेली.

मी सातपूरच्या आयटीआयचा फिटर. सुरुवातीचे कित्येक आठवडे नुसतं फायलिंग, म्हणजे कानसीने लोखंड घासणं. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा, कानस मारत राहायची, मग गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून तो तुकडा, म्हणजे जॉब, खिडकीकडे धरायचा. गुण्या आणि जॉबच्या मधून उजेडाची रेघ दिसली की सर काही न बोलता तुकडा परत हातात द्यायचे. तळहाताला असे फोड आले होते की जेवताना वरणावर लिंबू आई पिळून द्यायची. पण पुढे अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागलो तेव्हा तोच हात कामाला आला.

तर पहिली खिडकी आयटीआय. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर, डिझेल मेकॅनिक आणि कॉम्प्युटरचा कोपा एक वर्षाचे. काही ट्रेडना दहावी नापास मुलंही चालतात. हा एक की दोन वर्षांचा फरक लोक गंमतीत घेतात, पण सगळी मेख तिथेच आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. एक वर्षाच्या ट्रेडवर ते दार उघडत नाही. मी स्वतः हे ऐकलं तेव्हा लग्न झालेलं होतं.

दुसरी खिडकी पॉलिटेक्निक. सरकारी हवं असेल तर नाशिकरोडला सामनगाव रस्त्यावर. तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि त्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. जरा बोटांवर हिशेब करा: आयटीआयची दोन, पॉलिटेक्निकची दोन, इंजिनिअरिंगची तीन, एकूण सात. अकरावी-बारावी करून इंजिनिअर व्हायला सहा लागतात. म्हणजे एक वर्ष जास्त, पण मधे कुठेही थांबलात तरी हातात काहीतरी असतं. बारावीत मार्क घसरलेल्या मुलाच्या हातात काय असतं ते तुम्हीच बघा.

तिसरी खिडकी गंगापूर धरणाच्या रस्त्याला, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, 1989 सालचं. लोकांना वाटतं तिथे फक्त बीए होतं. तिथे शेतीचेही कोर्स आहेत, फळबाग, भाजीपाला असे. द्राक्षवाल्या घरातली मुलं बाग सांभाळून ते करतात. मला सुपरवायझर व्हायला पदवी लागत होती, म्हणून नोकरी सांभाळून बीकॉम केलं. रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्र असायचं. माझ्या बाकावर एक एसटी कंडक्टर आणि एक माझ्या आईच्या वयाच्या बाई असायच्या. तिकडच्या कॉलेजशी खरं साम्य मला तिथेच दिसतं.

बाकीचं थोडक्यात. काही महाविद्यालयांत बी.व्होक. म्हणजे व्यवसाय शिक्षणाची पदवी आहे, त्यात पहिल्या वर्षानंतर डिप्लोमा, दुसऱ्यानंतर अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, तिसऱ्यानंतर पदवी. नर्सिंगचा जीएनएम तीन वर्षांचा, पण तो बारावीनंतर.

आणि एक सांगायलाच हवं. माझ्या मामेभावाने एका चकचकीत खासगी संस्थेत 'इंडस्ट्रियल ऑटोमेशन डिप्लोमा' केला. फी भरायला मामीच्या पाटल्या गहाण पडल्या. कारखान्यातल्या एचआरने सर्टिफिकेट उलटंपालटं करून विचारलं, "हे कोणत्या बोर्डाचं?" भावाला उत्तर देता येईना. त्यामुळे फी भरण्याआधी एवढंच विचारा की परीक्षा कोण घेतं. आयटीआय असेल तर केंद्राचं प्रशिक्षण महासंचालनालय, म्हणजे डीजीटी (पूर्वी एनसीव्हीटी म्हणायचे), किंवा राज्याची व्यवसाय प्रशिक्षण परिषद, म्हणजे एससीव्हीटी, पॉलिटेक्निक असेल तर राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ, म्हणजे एमएसबीटीई, सहा महिने-वर्षाचा कोर्स असेल तर राज्याचं कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ. "आमचंच सर्टिफिकेट सगळीकडे चालतं" असं म्हणाले तर चहा पिऊन उठा.

आयटीआयचे अर्ज ऑनलाइन भरायचे असतात आणि प्रवेशाच्या फेऱ्या लागतात. इलेक्ट्रिशियनला नेहमीच गर्दी, म्हणून पसंतीक्रमात एकच ट्रेड टाकून बसू नका. तुमच्या मुलासाठी दोन ट्रेड सरळ दिसतात: मोटार मेकॅनिक दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिक एका वर्षाचा. तो म्हणेल एका वर्षात सुटतो. त्याला दोन वर्षांचाच घ्यायला लावा. आणि अर्ज भरायच्या आधी एकदा सातपूरला घेऊन जा, वर्कशॉप चालू असताना, दुपारच्या जेवणाआधी.